प्रमाणपत्र वाचणार कोण? संगणक परीक्षांची निवड आणि तयारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात किल्लारी येथे विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा उत्सव साजरा करताना विश्वस्तांनी एक संध्याकाळ मुलामुलींच्या पहिल्या नोकरीच्या विषयासाठी राखून ठेवली, याबद्दल मी त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. शैक्षणिक साहाय्यासाठी ट्रस्टकडे जे अर्ज येतात त्यांत संगणक कोर्सच्या फीचे अर्ज आता बरेच असतात, असे मला सांगण्यात आले. अर्जाचा नमुनाही मी पाहिला. त्यात कोर्सचे नाव आहे, फीची रक्कम आहे, संस्थेच्या शिक्क्यासाठी जागा आहे. या कोर्सची परीक्षा कोण घेणार, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही. आजचे माझे बोलणे बव्हंशी त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

प्रमाणपत्र म्हणजे काय, हे किल्लारीकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जी घरे कोसळली, त्यांच्याबरोबर पेट्या, कपाटे आणि त्यांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. माणसे गेली त्यापुढे कागदांचे दुःख ते काय! परंतु पुढे आयुष्य उभे करताना त्या कागदांची आठवण पदोपदी झाली. परीक्षा मंडळाच्या दप्तरात ज्याची नोंद होती, त्याला गुणपत्रिकेची दुसरी प्रत मागता येत होती. ज्या कागदामागे कोणतेही दप्तर नव्हते, तो कागद गेला तो गेलाच. म्हणजे प्रमाणपत्राचे मोल भिंतीवरच्या चौकटीत नसते. ते देणाऱ्याच्या नोंदवहीत असते. आपण ती चौकट पाहून भारावतो आणि नोंदवही कोणाची, हे विचारायचे राहून जाते.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दाचेच पाहा. हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. एखाद्या क्लासच्या फलकावर ‘आयएसओ प्रमाणित’ असे लिहिलेले असते. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीविषयीचे मानांकन आहे. तेथे शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाला त्यामुळे कोणतीही मान्यता मिळत नाही. कोठे ‘भारत सरकार नोंदणीकृत’ असते. चौकशी केली तर ती नोंदणी लघुउद्योग म्हणून किंवा न्यास म्हणून झालेली निघते. किराणा दुकानाचीही नोंदणी होते. त्यावरून दुकानदाराला परीक्षा घेण्याचा अधिकार मिळत नाही. ‘अखिल भारतीय’, ‘राष्ट्रीय’, ‘परिषद’ हे शब्द नावात घालायला फारसे काही लागत नाही. अशा फलकांमागे सगळेच लबाड असतात असे मी म्हणत नाही. पुष्कळ ठिकाणी शिकवणे प्रामाणिक असते, मुलाला कामही येते. पण नोकरीचा अर्ज भरताना त्या कागदाचे नाव ज्या यादीत शोधायचे, त्या यादीत ते सापडत नाही आणि घरचे पैसे व मुलाचे एक वर्ष दोन्ही खर्ची पडलेले असते. किल्लारीसारख्या गावात, जेथे लातूरला जाऊन-येऊन शिकायचे म्हणजे रोजचा ऐंशी-एक किलोमीटरचा प्रवास होतो, तेथे एक वर्ष वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हे. मुलीच्या बाबतीत तर बहुधा दुसरे वर्ष मिळतच नाही, हे आपण सर्व जाणतो.

म्हणून माझे पालकांना सांगणे असे आहे, की ‘कोणता कोर्स चांगला?’ हा प्रश्न आधी विचारू नये. हे प्रमाणपत्र पुढे कोण वाचणार आहे, हा प्रश्न आधी विचारावा. सरकारी कचेरीतील छाननी करणारा कारकून वाचणार, मोंढ्यातील आडत्या वाचणार, की पुण्यातील एखाद्या कंपनीचा अधिकारी वाचणार? तिघांचे वाचन निराळे आहे.

सरकारी नोकरीपासून प्रारंभ करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तेथेच आहेत. २००१ साली महाराष्ट्र शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि विवेक सावंत यांच्या नेतृत्वाखाली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचला. मराठीतून संगणक शिकता येतो, ही गोष्ट त्या काळी नवी होती. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या ठिकाणी केंद्रे निघाल्यामुळे ज्या लेकी-सुनांना लातूरला पाठवायला घरचे तयार नव्हते, त्याही माऊस हाती धरून बसल्या. या एका कारणासाठी तरी त्या अभ्यासक्रमाबद्दल मला आदर आहे. त्याचे प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे असते आणि शासकीय पदांसाठी ते ग्राह्य धरले जाते. ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा उल्लेख आपल्याला तलाठी भरतीसारख्या जाहिरातींत आढळेल. त्यात दोन पर्याय दिलेले असतात: एमएस-सीआयटी, किंवा डोएक सोसायटीची सीसीसी, ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ यांपैकी कोणतीही एक परीक्षा. निवड होताना हे प्रमाणपत्र नसेल तर नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत, बहुतेक जाहिरातींत दोन वर्षांत, ते मिळवावे लागते.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एमएस-सीआयटी ही अट आहे, गुणवत्ता नव्हे. ते असल्यामुळे निवड यादीत कोणी वर जात नाही. ‘एमएस-सीआयटी केले, तरी नोकरी लागली नाही’ अशी तक्रार करणारे पालक मला भेटतात, तेव्हा मी विचारतो, की गाडी चालविण्याचा परवाना काढल्यावर कोणी गाडी घरी आणून देतो काय?

याहून मोठा घोटाळा टंकलेखनाच्या बाबतीत होतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला किमान ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग मागितला जातो. एमएस-सीआयटी झालेल्या मुलाला वाटते, की आपल्याला संगणक येतो, म्हणजे टंकलेखनही त्यात आलेच. तसे नाही. टंकलेखनाची परीक्षा स्वतंत्र आहे आणि ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. जुन्या टाइपरायटरवरील परीक्षा २०१० च्या दशकात मागे पडल्या आणि त्यांची जागा संगणक टंकलेखनाच्या प्रमाणपत्राने, म्हणजे जीसीसी-टीबीसीने, घेतली. त्यात केवळ वेगाचा उतारा नसतो. पत्र, तक्ता, ई-मेल आणि वस्तुनिष्ठ प्रश्नही असतात. माझे मत विचाराल, तर बारावीनंतर सरकारी कचेरीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाने दोहोंतील एकच आधी करायचे असेल तर टंकलेखन करावे. संगणक परीक्षेला नेमणुकीनंतरही मुदत मिळू शकते. बोटांचा वेग मात्र कोणत्याही मुदतीत एकाएकी येत नाही.

डोएक हे नाव मी घेतले. ही केंद्र सरकारची संस्था. २०११ मध्ये तिचे नाव बदलून नाइलिट झाले, परंतु जाहिरातींत जुने नाव अद्याप दिसते, त्यामुळे गोंधळ होऊ देऊ नये. छत्रपती संभाजीनगर येथे तिचे केंद्र आहे. सीसीसी ही तिची पहिली पायरी: ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, आणि बसण्यासाठी कोणत्याही शैक्षणिक पात्रतेची अट नाही. संस्थेत नाव न घालता स्वतः अभ्यास करून थेट अर्ज भरता येतो, ही गोष्ट आपल्या भागातील फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. परीक्षेच्या दिवशी शहरातील केंद्रावर जावे लागेल, एवढाच काय तो खर्च आणि परीक्षेचे शुल्क. त्याच्या वरची ‘ओ’ पातळी मात्र पोरखेळ नाही. बारावीनंतर, किंवा दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना ती देता येते. त्यात पायथॉन भाषेतील प्रोग्रॅमिंग आहे, संकेतस्थळ तयार करण्याचा विषय आहे, प्रात्यक्षिके आहेत, प्रकल्प आहे. जानेवारी आणि जुलै अशा वर्षातून दोन वेळा परीक्षा होतात. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पदवीबरोबर ‘ओ’ पातळी पार केलेला विद्यार्थी हा नुसत्या पदवीधरापेक्षा निराळा दिसतो, असा माझा अनुभव आहे. दहावीनंतर लगेच कमावते व्हायचे असेल तर आयटीआयमधील कोपा हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. त्यानंतर शिकाऊ उमेदवारीचीही वाट मोकळी होते.

आता आपल्या घरच्या विषयाकडे वळतो. आपला समाज व्यापारी. कापड, किराणा, भुसार, आडत. आपली निम्मी मुले तरी प्रथम एखाद्या दुकानात, पेढीवर किंवा सीएच्या कचेरीत हिशेबाला बसतात. तेथे ‘टॅली येते का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. पण तो विचारणाऱ्या शेठजींच्या मनातील प्रश्न वेगळा असतो. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, २०१८ मध्ये ई-वे बिल आले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस लागू झाले. शेठजींना हवा आहे तो मुलगा, ज्याला सोयाबीनची खरेदी, हमाली, आडत आणि परत आलेला माल यांची नोंद कोठे जाते हे कळते, आणि महिन्याच्या शेवटी विवरणपत्रातील आकडा वहीशी जुळला नाही तर चूक कोठे आहे हे शोधता येते. हे ज्ञान जमा-नावेच्या समजुतीतून येते. टॅलीची कळ दाबून ते येत नाही. आपल्या आजोबांना लाल वहीत जे कळत होते, तेच पडद्यावर कळले पाहिजे.

टॅलीची प्रमाणपत्रेही दोन प्रकारची असतात, हे विसरू नये. एक, कंपनीच्या शिक्षण विभागाने आपली परीक्षा घेऊन दिलेले. दुसरे, क्लासने आपल्या शिक्क्यावर दिलेले. फी भरण्यापूर्वी यांतील कोणते मिळणार, हे लेखी विचारावे. आणि शिकविली जाणारी आवृत्ती कोणती, हेही. टॅलीप्राइम २०२० मध्ये आले. त्यापूर्वीच्या जुन्या पडद्यांवर शिकविणारा क्लास असेल तर तेथून काढता पाय घ्यावा. ज्यांना सीए व्हायचे आहे त्यांनी मात्र बाहेरच्या कोर्सची घाई करू नये. त्यांच्या संस्थेचे स्वतःचे माहिती तंत्रज्ञान प्रशिक्षण त्या अभ्यासक्रमात सक्तीचे आहे.

तिसरा वाचक पुण्या-मुंबईची कंपनी. येथे मी थोडक्यात सांगतो, कारण येथे पदवी आणि मुलाखतीतील प्रत्यक्ष काम यांचेच वजन अधिक. नेटवर्किंगकडे ओढा असेल तर सिस्कोची सीसीएनए ही परीक्षा जगभर ओळखली जाते. फेब्रुवारी २०२० पासून ती एकाच परीक्षेत होते आणि तिची मुदत तीन वर्षांची असते. मुदत हा शब्द अधोरेखित करावा. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईसाठी घरच्यांनी हजारो रुपये मोजले; ते प्रमाणपत्र देणे कंपनीने जानेवारी २०२१ अखेर बंद केले. कंपनीचे प्रमाणपत्र भाजीसारखे ताजे असतानाच उपयोगी पडते. म्हणून महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी ते घेण्यात अर्थ नाही. नोकरी शोधण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत घ्यावे. अभियांत्रिकीची पदवी किंवा एमसीए झालेल्यांसाठी सी-डॅकचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम हा एक भरवशाचा मार्ग आहे, मात्र त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा आहे आणि ती तयारीशिवाय निघत नाही.

या तिन्ही वाचकांना लागू पडणारी एक गोष्ट म्हणजे पडताळणी. खऱ्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो क्रमांक देणाऱ्या संस्थेकडे तपासता येतो. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट आखली. तिच्यात बसणाऱ्या अर्हतांची राष्ट्रीय नोंदवही कोणालाही पाहता येते. क्लासचालकाने अमुक पातळीचा कोर्स असे सांगितले, तर त्या नोंदवहीत तो दाखवा असे नम्रपणे म्हणावे. प्रामाणिक माणूस रागावत नाही, दाखवतो.

येथे एक विषयांतर करतो, परंतु ते आपल्या समाजापुरते फार आवश्यक आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबांत शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव असते आणि आधार कार्डावर ‘जैन’ असते. काही ठिकाणी वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचे असते. संगणक परीक्षेचा अर्ज मुलगा मोबाइलवर घाईने भरतो आणि जे नाव सुचेल ते टाकतो. पुढे कागदपत्रांच्या छाननीत ही दोन माणसे एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे आणि राजपत्रातील जाहिरात यांमागे धावाधाव होते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव, तेच नाव, त्याच स्पेलिंगने प्रत्येक परीक्षेच्या अर्जात लिहावे. आज घरी गेल्यावर पालकांनी हे कागद एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

राहता राहिला प्रश्न तयारीचा, आणि खरे कष्ट तेथेच आहेत. प्रश्नसंच पाठ करून सीसीसी किंवा एमएस-सीआयटी उत्तीर्ण होणारे आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु असा उमेदवार कामावर बसतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात उघडा पडतो. संगणक ही बोटांनी शिकायची विद्या आहे. टंकलेखनासाठी रोज एक तास, आणि तो एकच तास, पण खंड न पडता, असे सहा महिने हवेत. दहाही बोटे वापरावीत, नजर कळांवर नको. प्रारंभी दोन बोटांनी भराभर टंकणाऱ्या मित्रापेक्षा आपण मागे आहोत असे वाटेल. ते वाटू द्यावे. मराठीसाठी रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट असे दोन कळफलक प्रचलित आहेत. परीक्षेत कोणता चालतो हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावे आणि मग तोच धरावा. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटविण्याची जी सवय आपल्या मुलांना लागली आहे, ती या परीक्षेत काडीच्या उपयोगाची नाही.

एक्सेल शिकायचे असेल तर पुस्तकातील विद्यार्थ्यांच्या गुणांचा तक्ता सोडून द्यावा आणि दुकानातील उधारीची वही समोर घ्यावी. गिऱ्हाईकाचे नाव, तारीख, रक्कम, आलेली वसुली. तीस दिवसांपुढची उधारी वेगळी काढून दाखवा, असे वडिलांनी मुलाला सांगावे. जो मुलगा हे करील, त्याला परीक्षेतील सूत्रांचे प्रश्न अवघड जाणार नाहीत, आणि वडिलांची थकलेली वसुलीही हाती येईल, हा व्यापारी लाभ वेगळाच!

ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाचा मी आवर्जून उल्लेख करतो. लिब्रेऑफिसपासून प्रोग्रॅमिंगपर्यंतचे छोटे-छोटे पाठ तेथे विनामूल्य आहेत आणि त्यांतील पुष्कळ मराठीत आहेत. पाठ ऐकायचा, थांबवायचा, तसेच स्वतः करून पाहायचे, अशी ती पद्धत आहे. ‘स्वयम्’वर एनपीटीईएलचे अभ्यासक्रम शिकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. शिकणे विनामूल्य आणि परीक्षा सशुल्क, ही रचना मला फार रास्त वाटते. आपल्याकडे बहुधा उलटे चालते: शिकण्याची फी जबर आणि परीक्षा नावापुरती.

जाता जाता विश्वस्त मंडळास एक विनंती करण्याची अनुज्ञा असावी. कोर्सची फी देण्याऐवजी ट्रस्टने परीक्षेचे शुल्क आणि केंद्रापर्यंतचा प्रवासखर्च द्यावा, असे मला वाटते. रक्कम लहान होईल, त्यामुळे अधिक मुलांपर्यंत पोहोचेल, आणि जो परीक्षेला बसेल त्यालाच ती मिळेल. दुसरे म्हणजे, ट्रस्टच्या सभागृहात कार्यक्रमांखेरीज इतर दिवशी जी खोली बंद असते, तेथे चार संगणक आणि मराठी कळफलकाचे चार फलक ठेवावेत. भारनियमनाच्या वेळा लक्षात घेऊन एक इन्व्हर्टर हवा. सकाळचे दोन तास मुलींसाठी राखून ठेवावेत, म्हणजे त्यांच्या घरून ‘संध्याकाळी कशाला जायचे’ हा प्रश्नच निघणार नाही. चाव्या कोणाकडे राहतील, एवढेच ठरवायचे बाकी आहे. आज व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कोणीतरी ते नाव येथेच जाहीर केले, तर मला आनंद होईल.